पगडबंदाच्या ओटीवर

साल १८९०. तुम्ही बारा वर्षांचे आहात. वडील गेले आणि आईने तुम्हाला नाशिकला मामांकडे आणून सोडलं. स्टेशनापासून गावात घोडे जुंपलेली ट्राम येऊ लागल्याला जेमतेम वर्ष झालंय, पण तिच्या भाड्याइतके पैसे आईच्या कनवटीला नव्हते. दोघं चालतच आलात. मामांची ओटी कापडपेठेत, गंगेच्या अलीकडच्या अंगाला. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. पलीकडे पंचवटी आणि रामकुंड. मधला व्हिक्टोरिया पूल १८९५ साली होईल. आज पाणी उतरलं की माणसं पात्रातूनच ये-जा करतात.

ओटीवरच्या फळीवर ओळीने लाकडी डोकी मांडली आहेत. नाक-डोळे नसलेले, गोल-लांबट ठोकळे, वर्षानुवर्षांच्या खळीने काळपट झालेले. मामा पगडबंद आहेत. आई दाराशीच उभी राहून म्हणते, "दादा, याला जवळ घे. अक्षर चांगलं आहे, पण शाळा मला झेपायची नाही." मामा तुमचे दोन्ही हात उलटसुलट करून बघतात. "घाम फार येतो का रे तळव्यांना?" तुम्ही मान हलवता. नाही. "मग जमेल," म्हणतात, आणि पुन्हा सुईत डोकं घालतात.

पगडी आणि पागोटं यांतला फरक तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळतो. पागोटं म्हणजे लांब कापड. ज्याचं तो रोज सकाळी आपल्या डोक्याला गुंडाळतो. पगडी आधी बांधून, शिवून तयार असते. खुंटीवरची काढायची, डोक्यावर ठेवायची, घरी आलं की पुन्हा खुंटीला. म्हणून तिला कारागीर लागतो. मामलेदार, वकील, शाळामास्तर, सावकाराचे कारकून, क्षेत्रोपाध्ये, सगळी या ओटीची गिऱ्हाइकं. उघड्या डोक्याने माणूस बाहेर पडला तर शेजारी विचारतात, घरी कोणी गेलं का?

पहिलं वर्ष तुम्हाला पगडीला हात लावायला मिळत नाही. तुमच्याकडे खळ. कणीक पाण्यात कालवायची, मंद आचेवर ढवळत राहायची, बोटाला तार धरली की उतरवायची. गुठळी राहिली तर ती पगडीच्या पोटात कायमची राहते आणि उन्हात कडक होऊन गिऱ्हाइकाच्या कपाळाला टोचते. उतरवताना चिमूटभर मोरचूद घालायचा. खळीवर झुरळं आणि कसर जीव टाकतात, मोरचूद असला की तोंड लावत नाहीत. पावसाळ्यात खळ वाळता वाळत नाही, बुरशी धरते, आणि ओटीवरचं काम मंदावतं. मग दसरा, दिवाळी आणि लग्नसराईत सगळं एकदम अंगावर येतं आणि समईच्या उजेडात रात्र-रात्र बसावं लागतं. मामांच्या पाठीला आलेला बाक याच रात्रींचा आहे.

दुसरं काम रंगाऱ्याकडे ये-जा करण्याचं. हे मात्र तुम्हाला मनापासून आवडतं. तांबड्या पगडीचा खरा रंग कुसुंब्याचा, म्हणजे करडईच्या फुलांचा. आपल्या देशावरच्या ज्वारीच्या कडेने लावतात तीच काटेरी करडई. वाळलेल्या पाकळ्यांत दोन रंग असतात, एक पिवळा आणि एक तांबडा. पिवळा पाण्यात विरघळतो, तांबडा विरघळत नाही. रंगारी पाकळ्या फडक्यात बांधून पायाने तुडवतो आणि धूत राहतो. पिवळं पाणी वाहून जातं. ते पूर्ण नितळ होईपर्यंत धुवायचं, नाहीतर तांबड्यात मळकटपणा येतो. मग त्या चोथ्यात खार मळायचा. आता तांबडा सुटतो, पण अजून दिसत नाही. पाणी तपकिरी, ओशट. त्यात लिंबू पिळलं की तुमच्या डोळ्यांदेखत रंग पालटतो आणि कापड पेटल्यासारखं लाल होतं. पहिल्यांदा बघताना तुम्ही मागे सरकता. रंगारी हसून म्हणतो, "घाबरू नको, चावत नाही."

पण हा रंग नाजूक. ऊन लागलं की विटतो, धुतला की उतरतो. म्हणून पगडी दरवर्षी-दोन वर्षांनी उसवून, कापड पुन्हा रंगवून, नव्याने बांधावी लागते. मामांच्या मिळकतीतला मोठा वाटा नव्या पगड्यांचा नसून या जुन्यांच्या फेरबांधणीचा आहे. हल्ली बाजारात विलायती बुकणीचे रंग आले आहेत. स्वस्त, झटपट. रंगारी ते वापरतो, पण कोणाला सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी मामा तुमच्या हातात कापड देतात. तलम मलमल, अरुंद पट्टीत फाडलेली, लांबच लांब. ठोकळ्यावर आधी जाड कापडाचे थर खळीने चिकटवून टोपीसारखा पाया करायचा. तो वाळला की त्यावर ही पट्टी. पट्टीला पीळ द्यायचा, चुण्या पाडायच्या, एकीवर एक तिरक्या बसवायच्या, आणि प्रत्येक थराला आतून टाका. टाका बाहेर दिसता कामा नये. पीळ जास्त पडला तर चुणी दोरासारखी होते, कमी पडला तर फुगते. सगळी मेख एवढ्यात आहे. तुम्ही दिवसभर खपून बांधलेली पगडी मामा संध्याकाळी हातात घेतात, एकदा गोल फिरवतात आणि बोलता-बोलता उसवून टाकतात. रागाने नाही. सकाळी पुन्हा तेच कापड तुमच्यापुढे असतं. कित्येक महिने हेच चालतं. एके दिवशी ते उसवत नाहीत, फळीवर ठेवतात. बोलत मात्र काही नाहीत, आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागत नाही.

माप घेणं ही निराळी विद्या. मामा दोरा वापरतात, त्याला गाठी मारतात: कपाळावरून कानांच्या वरून घेर, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मग पुढून मागे. डोकं कधी गोल नसतं, हे तुम्हाला आता कळलंय. कोणाचं मागे निघालेलं, कोणाचं उजवीकडे चेपलेलं. "हजामत झाली की मग माप घ्यावं," मामा शिकवतात. "वाढलेल्या केसांवर घेतलंस तर न्हाव्याकडून आल्यावर पगडी भोवऱ्यासारखी फिरते. आणि शेंडीला जागा ठेव." मोठ्या गिऱ्हाइकांसाठी स्वतंत्र ठोकळा असतो आणि मालक वारला तरी तो कोणी जाळत नाही, मुलाचं डोकं बहुधा बापावरच जातं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोकी. पगडीच्या पुढे वर आलेलं ते टोक. ती किती उंच, किती झुकलेली, यावर सगळा रुबाब. निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे पुण्या-मुंबईत नावारूपाला आले, आणि आज आपण जिला पुणेरी म्हणतो ती पगडी रूढ होण्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. नाशिकच्या वकिलांनाही तशीच हवी. "रावसाहेबांसारखी करा," एवढंच म्हणतात. तुम्ही रावसाहेबांना पाहिलेलं नाही. मामांनी पाहिलंय, ते डोळे मिटतात आणि बोटांनी हवेत कोकी काढून दाखवतात.

याच दशकात युरोपातले टोपीवाले सशाच्या केसांचा नमदा करायला पाऱ्याचा क्षार वापरत आहेत. त्या वाफेने त्यांचे हात थरथरतात, दात पडतात, डोकं फिरतं. फ्रान्समध्ये १८९८ साली त्याला बंदी होईल, अमेरिकेत १९४१ साली. मामांच्या ओटीवर असलं विष नाही. इथे जातात ते डोळे. पन्नाशीच्या आत मामांना सुईचं नाक दिसेनासं होतं, आणि दोरा ओवून देण्याचं काम तुमच्याकडे येतं.

एक गोष्ट या ओटीवर कोणी बोलून दाखवत नाही, पण ती प्रत्येक मापाच्या वेळी हजर असते. कोणत्या जातीच्या माणसाने काय घालायचं, हे ठरलेलं आहे. चक्रीदार पगडी याची, रुमाल त्याचा, मुंडासं आणखी कोणाचं. रस्त्यावरून येणारा माणूस चेहरा दिसण्याआधी डोक्यावरून ओळखला जातो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानतात, त्यांचं माप या ओटीवर कधीच घेतलं जात नाही. या कलेवर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच हे झाकून ठेवणं मला पटत नाही. पगडीत हुन्नर होता आणि उच्चनीचही होतं; दोन्ही त्याच टाक्यांत शिवलेलं होतं.

आता १९२०. तुम्ही बेचाळीस वर्षांचे. मामा गेले, ओटी तुमची झाली. १ ऑगस्टला मुंबईत टिळक गेले आणि त्यांच्याबरोबर पगडीचं युग संपत चाललंय, हे तुम्हाला गिऱ्हाइकांच्या संख्येवरून आधीच दिसू लागलेलं आहे. इंग्रजी शिकलेली पोरं काळी टोपी घालतात. आणि त्याच सुमारास गांधींची पांढरी टोपी येते. काका कालेलकरांनी नोंदवलं आहे की गांधींनी देशातली निरनिराळी शिरोभूषणं विचारात घेतली, पागोट्याला कापड फार लागतं म्हणून ते सोडलं, आणि काश्मिरी टोपीचा घाट घेतला: घडी घालून खिशात मावणारी, सहज धुता येणारी. रंग पांढरा, कारण घाम आणि मळ लगेच दिसतो आणि माणूस टोपी धुतो.

तुम्ही शिवणयंत्र घेता. बायकोच्या पाटल्या मोडून. पहिली टोपी तुम्ही बिघडवता, कारण हातमागाची खादी आधी भिजवून आटवावी लागते हे तुम्हाला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकाने एकदा धुतली आणि ती त्याच्या मुलाला बसू लागली. मग जमतं. माथ्याची पट्टी, दोन बाजू, दुमडलेली कड; खळ आणि इस्त्री. पगडीला दिवस लागत, टोपी तासात डझनाने होते. दोऱ्याच्या गाठींऐवजी इंचांचे नंबर आले. मागच्या बाजूला चेपलेल्या डोक्याला आता वेगळं काही मिळत नाही. पण या टोपीसाठी माणसं लाठ्या खात होती, हे तुम्ही रस्त्यावर पाहिलंय. घडी घालताना तुमचा हात आदराने फिरतो.

२ मार्च १९३०. काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू होतो. दादासाहेब गायकवाड पुढे आहेत. दारं बंद. दहा दिवसांनी गांधी साबरमतीहून दांडीला निघतील आणि तुमच्याकडे टोप्यांना तुफान मागणी येईल. तुम्ही बावन्न वर्षांचे आहात. पंचवटीत गर्दीच्या कडेला उभे राहून तुम्ही सवयीने डोकी बघता: पागोटी, पांढऱ्या टोप्या, उघडी डोकी. टोपीने नाशिककरांच्या डोक्यांवरचा फरक पुसत आणला होता. काळारामाच्या दाराने तो पुसला नव्हता. सत्याग्रह पाच वर्षांहून अधिक चालला.

सप्टेंबर १९५०. पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन नाशकात भरतं. तुम्ही बहात्तर वर्षांचे. नातू टोप्यांचे गठ्ठे सायकलवर लादून मंडपाकडे नेतो. इतक्या टोप्या या गावाने एका जागी कधी पाहिल्या नसतील. ओटीवरचे ठोकळे माळ्यावर गेलेत. एक तेवढा तुम्ही खाली ठेवलाय; त्यावर तुम्ही स्वतःची टोपी ठेवता.

आता परत या. आज पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन आहे, २००९ सालापासून. पगड्या विकल्याही जातात: लग्नात, पदवीदानात आणि सर्वांत जास्त सत्कारात. पाहुण्याच्या डोक्यावर ठेवली, फोटो झाला, काढली. बहुतेकदा ती मोठी तरी होते नाहीतर कपाळावर अडकते, आणि पाहुणा ती एका हाताने सावरत भाषण ऐकतो. कारण तिचं माप कोणी घेतलेलंच नसतं. कारागिराला कोणी ते पाठवलेलंच नसतं.

पगडी शिकायला पूर्वी जी वर्षं लागत, ती कोणा तरुणाने आज द्यावीत असं मला वाटत असेल, तर त्याच्या कामाला दाम मिळाला पाहिजे, हेही मला म्हणावं लागेल. म्हणून तुमच्यापैकी जे मंडळं चालवतात, संस्थांचे कार्यक्रम ठरवतात, त्यांच्याकडे माझी साधी मागणी आहे. पुढच्या सत्काराची पगडी मागवाल तेव्हा पंधरा दिवस आधी मागवा. पाहुण्यांच्या घरी फोन करून डोक्याचा घेर विचारा, इंचांत, आणि तो कारागिराला कळवा. घासाघीस करू नका. आणि सूत्रसंचालकाच्या कागदावर हाराच्या आणि शालीच्या ओळीखाली ही पगडी कोणी बांधली त्याचं नाव लिहा, म्हणजे ते व्यासपीठावरून मोठ्याने वाचलं जाईल.