उद्याचा गुन्हेगार

परवा नातीचा फोन आला. ती मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "आजोबा, एखादा माणूस पुढे हिंसा करेल की नाही हे आधीच ओळखता येतं का, यावर मला निबंध लिहायचाय."

मी म्हटलं, "अगं, ते ओळखता येतं असं समजून सरकारने आपल्या सोलापुरात एक अख्खी वसाहत उभी केली होती." तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

मंडळी, सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. पण हे नाव आलं कुठून, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. युक्तिवाद असा, की या देशात धंदा जातीने ठरतो. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर होणारच. मग गुन्हा घडायची वाट कशाला बघायची? १९११ च्या कायद्याने ही तरतूद सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागली. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, कंजारभाट अशी नावं यादीत चढली. आमच्या गावाबाहेर तारेचं कुंपण पडलं. रोजची हजेरी, बाहेर जायला पास, बोटांचे ठसे. काही काळ कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. माणसं गिरण्यांत राबत आणि परत कुंपणात येत.

यातली एक गोष्ट मला फार बोचते. आत जायला जन्म पुरेसा होता, बाहेर यायला मात्र वर्तणूक दाखवावी लागे. चांगल्या वागणुकीची कुटुंबं कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त जात. आजही तिथले लोक पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असंच लिहितात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशातून गेला. म्हणून तो विमुक्त दिन.

मग अंदाज करूच नये का? नातीने हाच प्रश्न विचारला. मी तिला एक गणित घातलं. हजार माणसं घे. त्यातली दहा पुढे खरोखर हिंसा करणार आहेत. तुझी कसोटी शंभरात नव्वद वेळा बरोबर ठरते. म्हणजे दहापैकी नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरपराधांपैकी ९९ जणांवरही शिक्का बसेल. १०८ जण आत, त्यातले खरे नऊ! हजारात दहाच असतील, तर चांगली कसोटीसुद्धा अशी फसते. इथे तर कसोटी म्हणजे फक्त जात होती.

मग तिनेच मला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्स्ट्रॉम खटल्यातील निकालामुळे न्यूयॉर्क राज्यात 'धोकादायक' म्हणून कडक बंदोबस्तात ठेवलेले साडेनऊशेहून जास्त मनोरुग्ण साध्या इस्पितळांत हलवावे लागले. चार वर्षांत त्यांच्यापैकी तीस जणांनाही परत कडक बंदोबस्तात न्यावं लागलं नाही. १९८१ मध्ये जॉन मोनाहन यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा तज्ज्ञांचे हिंसेचे अंदाज तीनात फार तर एकदा खरे ठरलेले दिसले. त्यानंतर पद्धती सुधारल्या. कॅनडात १९९५ साली वीस मुद्द्यांची एक तपासणी आली. दहा मुद्दे माणसाच्या भूतकाळाचे, पाच आजच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. म्हणजे निम्मे मुद्दे बदलू शकणारे. त्यात जातीचा रकाना नाही. दारू सुटेल का, सोबत कोण असेल, मदत मिळेल का, हे विचारलं जातं. अंदाज शिक्का मारण्यासाठी नाही, पुढचं टाळण्यासाठी करायचा.

हे ऐकताना मला १९७९ सालचा माझा वर्ग आठवला. सहलीचे गोळा केलेले पैसे सापडेनात. वर्गात सेटलमेंटचा एक मुलगा होता, शांत, अक्षर मोत्यासारखं. माझी नजर त्याच्याकडे वळली. मी काही बोलायच्या आधीच तो उठला आणि दप्तर उघडून माझ्यापुढे ठेवलं. त्याला सवय होती. आणि मी, शिकलेला माणूस, वाकून ते दप्तर तपासलं.

पैसे संध्याकाळी माझ्याच हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला पैसे सापडल्याचं सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. त्याची माफीही मागितली नाही. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. कारण मी विचारलं नाही.

कायदा जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

नातीला म्हटलं, निबंधात हेही घाल. नाव नको घालूस त्याचं. माझं घातलंस तरी चालेल.