मेणबत्तीचा उजेड आणि तैलरंग

एकाच ज्योतीच्या उजेडात आकृतींना अंधारातून उठाव देण्याच्या चित्रपद्धतीस इटालियनमध्ये ‘किआरोस्कुरो’, तर मराठीत ‘छायाप्रकाश’ म्हणतात. सतराव्या शतकाच्या आरंभी काराव्हाज्योने या पद्धतीस तीव्र नाट्य दिले. त्याच्या प्रभावाने डच चित्रकार हॉन्टहोर्स्ट व फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यांनी मेणबत्तीच चित्राच्या केंद्रस्थानी आणली. इंग्लंडमध्ये डर्बीच्या जोसेफ राइटने (१७३४–१७९७) हीच ज्योत विज्ञानाच्या प्रयोगापाशी ठेवली.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याचे ‘एअर पंप’ हे १७६८ सालचे चित्र सुमारे १८३ × २४४ सेंटिमीटरचे आहे. काचेच्या गोलातील हवा काढून घेतल्याने आतला पांढरा काकाकुवा गुदमरला आहे. व्याख्यात्याचा हात झडपेवर आहे. हवा पुन्हा आत सोडली जाईल की नाही, हे चित्र सांगत नाही. एका मुलीने डोळे झाकून घेतले आहेत. मेणबत्ती मात्र टेबलावरील काचपात्राआड दडलेली आहे.

या दडवण्याला कारण आहे. कोणताही पांढरा रंग ज्योतीइतका तेजस्वी नसतो. म्हणून ज्योत झाकून चेहऱ्यांवर पडलेला उजेड रंगवला, तर तेजाचा भास अधिक होतो. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दुप्पट अंतरावर तो चौथ्या हिश्श्याइतकाच उरतो. त्यामुळे ज्योतीजवळचा चेहरा उजळतो आणि मागे उभा असलेला काळोखात विरतो.

असे चित्र करताना कॅनव्हासवर प्रथम बर्न्ट अंबरसारख्या तपकिरी रंगाचे पातळ अस्तर देतात. सावल्या पातळ व पारदर्शक, तर उजळ भाग जाड व अपारदर्शक ठेवतात. सावलीसाठी निव्वळ काळा वापरल्यास ती निर्जीव दिसते. ज्योतीचा प्रकाश पिवळा-नारिंगी असल्याने निळे रंग मंद करावे लागतात. खालच्या थरांत तेल कमी व वरच्या थरांत अधिक असावे. क्रम उलटल्यास रंगाला तडे जातात. शुद्ध पांढऱ्याचा ठिपका शेवटी, आणि मोजक्याच जागी.

सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांच्या, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील ‘ग्लो ऑफ होप’मध्येही स्त्रीने ज्योत हाताच्या आडोशाला धरली आहे. ते चित्र जलरंगातले आहे. जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. तैलरंगात मात्र तो काळोखावर अखेरीस ठेवावा लागतो.