अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर

१९१६ साली खानदेशात एकही महाविद्यालय नव्हते. मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढील शिक्षणासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. अशा काळात अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी बोरी नदीकाठच्या त्या गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. पदवीचे वर्ग नव्हेत, तर अद्वैत वेदान्ताच्या चिंतनाला वाहिलेली संस्था!

येथे अभ्यासकांना विद्यावेतन मिळे, पदवी मात्र नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते याच मंदिरात शिकण्यासाठी; गावच्या शाळेत शिक्षक झाले ते नंतर, १९२४ मध्ये. बंगालचे रासविहारी दास, सिंधचे जी. आर. मलकानी आणि दक्षिणेतले टी. आर. व्ही. मूर्ती हे तिघेही येथलेच अभ्यासक. 'अज्ञान' या एकाच संकल्पनेवरील त्यांचे वेगवेगळे विवेचन एका ग्रंथात एकत्र आले आणि तो ग्रंथ १९३३ मध्ये थेट लंडनहून प्रसिद्ध झाला.

शेठजींची निवड उदात्त होती. पण कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाला तिचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये उभी राहिली १९४४-४५ च्या सुमारास. म्हणजे खानदेशात वेदान्ताचे संशोधन आधी पोहोचले आणि बी. ए. चा वर्ग जवळजवळ तीस वर्षांनी!

अमेरिकेत ओबर्लिनसारख्या लहान गावातले कॉलेजही स्वतःच्या सनदेवर पदवी देई. येथील महाविद्यालयांच्या पदव्या मात्र आधी मुंबई विद्यापीठाच्या, मग पुणे विद्यापीठाच्या. खानदेशाचे स्वतःचे विद्यापीठ जळगावी स्थापन झाले ते १५ ऑगस्ट १९९० रोजी.