काळ्या मातीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे म्हणतात. जुन्नरच्या काळ्या मातीचे कूळ शोधायचे तर मात्र नदीच्या मुळाशीच जावे लागते. काळा दगड झिजला आणि काळी माती झाली, ही समजूत इतकी सोयीची आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. पण नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यातला दगडही तोच आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला बेसॉल्ट. तिथे उतारावर तांबडी माती, आणि चाळीसेक किलोमीटर पूर्वेला नदीकाठी खोल काळी! दगड एकच असताना वाण दोन कसे? माझे उत्तर असे, की दगडाने द्रव्य दिले, जात ठरवली ती पाण्याने.

रस्त्यासाठी खोदलेल्या टेकडीच्या कडेला ही गोष्ट उघड्यावर दिसते. तिथला दगड कांद्यासारखा सोललेला असतो. बाहेरची साल तपकिरी, बोटाने दाबली तरी भुगा होणारी. आतली थोडी टणक. आणि गाभ्यात निळसर काळा, घण मारला तर खणकन वाजणारा गोटा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होते आणि भेगांतून आत शिरते. कोपऱ्यांवर ते तिन्ही बाजूंनी हल्ला करते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोटा होतो. दगडातले लोह गंजते, फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते. हाच आपला मुरूम, दगड आणि माती यांच्या मधली पिढी.

फेल्डस्पारमधून सुटलेल्या कॅल्शियमचे पुढे काय होते, यावर सगळे अवलंबून आहे. घाटमाथ्यावर पाऊस इतका कोसळतो की विरघळलेले सारे वाहून जाते. मागे लोह उरते आणि माती तांबडी होते. पर्जन्यछायेत पाणी कमी आणि ऊन जास्त, म्हणून कॅल्शियम जागीच राहते. त्याची चुनखडी होते, आणि सोबत तयार होते ती पाण्याने फुगणारी, उन्हाने आकसणारी चिकणमाती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची ढेकळे त्यात पडतात, पावसात ती पुन्हा मिटते. जमीन स्वतःलाच अशी नांगरत राहते. तिचा काळेपणा दगडाच्या रंगाचा वारसा नाही. कुजलेल्या वनस्पतींचा थोडासाच अंश या चिकणमातीला घट्ट धरून बसतो, त्यातून तो येतो.

यावर आक्षेप येईल, की सपाट जागी बेसॉल्टवरच जागच्या जागी काळी माती तयार झालेली आढळते. मग नदीला श्रेय कशाला? आक्षेप खरा आहे, पण अपुरा, कारण नदीकाठची खोल माती नदीने आणलेल्या गाळाची आहे. कुकडी नदी कुकडेश्वराजवळ उगम पावते आणि पूर्वेला वाहते. तिच्या काठी बोरी गावाजवळच्या दरडीत गोटे, वाळू आणि पोयटा थराथरांनी रचलेले आहेत. गोटे घासून गोल झालेले, म्हणजे दूरवरून आलेले. याच गाळात ज्वालामुखीची राख सापडली. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते, या राखेच्या काचेत ती तीन चतुर्थांशाच्या पुढे. म्हणजे ही राख सह्याद्रीची असूच शकत नाही. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, तीनेक हजार किलोमीटर वाऱ्यावरून आलेली. तिचे वय १४ लाख, पावणेसात लाख की सुमारे ७५ हजार वर्षे, यावर संशोधकांत मोठा वाद झाला, कारण याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारेही आहेत. वयाचा वाद काहीही असो, नदीने परक्या राखेलाही आपल्या गाळात जागा दिली, एवढे निश्चित. आणि दख्खनमध्ये गाळाचे खडक नाहीतच असे म्हणणाऱ्यांनी इथले गोटे पाहावेत: फेल्डस्पारमधून सुटलेल्या त्याच चुन्याने ते एकमेकांना घट्ट बांधले गेले आहेत. माती आणि खडक इथे एकाच घरची भावंडे आहेत.

शेवटचा आक्षेप जास्त गंभीर आहे. धूप झाली म्हणूनच काळी सुपीक जमीन मिळाली, तर मग धूप रोखायची कशाला? कारण हिशेब वेगाचा आहे. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला एक पाऊस पुरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर घसरला तेव्हा तीच झिजलेली, पाण्याने जड झालेली माती दीडशेहून अधिक माणसांना घेऊन खाली आली. आज इथल्या नद्यांचा गाळ डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या भिंतींशी थांबतो. पूर्वी पुराबरोबर शेतात येणारी माती आता जलाशयातून उपसून ट्रॅक्टरने आणावी लागते. म्हणून उतारावरचा बांध, गवत आणि झाड यांचे काम पाणी अडवण्याइतकेच त्याचा वेग आवरण्याचे आहे. पाण्याने ही माती घडवली ती सावकाश चालून. त्याला पुन्हा तसेच चालायला लावणे, एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे आपण केलेच पाहिजे.