विंचूदंश : तातडीची चिकित्सा

कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने स्वायत्त मज्जासंस्थेत असा प्रक्षोभ उसळतो, की अंगास दरदरून घाम सुटून हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून रोगी दगावण्याची भीती असते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात हिंमतराव बावस्कर यांनी ही लक्षणे चिकाटीने नोंदविली, आणि आकुंचित रक्तवाहिन्या मोकळ्या करणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध योजून असंख्य गोरगरिबांचे प्राण वाचविले. ‘लॅन्सेट’मधील त्यांचा १९८६ चा निबंध या दृष्टीने मौलिक होय.

भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८९६ मध्ये प्लेगवरील लसीसाठी आरंभिलेल्या आणि पुढे परळास स्थिरावलेल्या हाफकिनच्या प्रयोगशाळेच्या परंपरेत या विंचवावरील प्रतिविषही सिद्ध झाले. बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, प्राझोसिनसह प्रतिविष दिलेल्या ३५ रोग्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण तेवढ्या अवधीत बरे झाले. ग्रामीण वैद्यकातून जगाला मिळालेले याहून ठोस योगदान विरळाच. विंचू चावताच मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रोग्यास दवाखान्यात न्यावे.