कावसजीच्या नाकापासून नेत्रपटलापर्यंत

शरीराचा नष्ट झालेला भाग रोग्याच्याच शरीरांतून पुन्हा निर्माण करण्याची विद्या ही केवळ पाश्चात्य प्रयोगशाळांची देणगी होय, असा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. उलटपक्षीं, हें सर्व सुश्रुतानें आधींच लिहून ठेविलें आहे, असें म्हणून स्वस्थ बसणारेही थोडे नाहींत. या दोन्ही पक्षांस पुण्याजवळ घडलेली एक गोष्ट विचार करावयास लावील, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या विटा करणाऱ्या एका कुंभारानें त्यास नवें नाक करून दिलें. क्रुसो व फिंडले या इंग्रजांच्या नोकरींतील दोन डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि तिची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या १७९४ च्या ऑक्टोबरच्या अंकांत छापली गेली.

प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचें नाक करावयाचें, तो पत्रा कपाळावर सपाट पसरून त्याभोंवतीं रेघ काढावयाची, आणि तेवढें कातडें सोडवावयाचें. मात्र दोन भुंवयांमधील एक पट्टी कापावयाची नाहीं. मग तें कातडें फिरवून नाकाच्या जागीं बसवीत, वर पाण्यांत कालविलेल्या काताच्या पट्ट्या लावीत, आणि चौथ्या दिवसापासून तुपांत भिजविलेलें फडकें ठेवीत. सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती पट्टी कापीत. साऱ्या कृतीचें मर्म त्या पट्टींत आहे. नवीन जागेंतून रक्ताचा पुरवठा सुरू होईपर्यंत जुनी वाट तोडावयाची नाहीं, हें त्या कुंभारास पक्कें ठाऊक होतें. सुश्रुतानें गालाचें कातडें घ्यावयास सांगितलें आहे. कुंभारानें तें कपाळाचें घेतलें. तेव्हां ही केवळ पोथींतील विद्या नव्हे, हातांतून हातांत आलेली होय.

ती हकीकत वाचून कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं हाच प्रयोग केला व १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. तेथून ही विद्या युरोपभर पसरली. परंतु मूळ वृत्तांतांत रोग्याचें नांव आहे, पाहणारांचीं नांवें आहेत. ज्याच्या हातांनीं नाक उभें राहिलें त्याची मात्र केवळ जात आहे. ज्या पुण्याच्या दफ्तरांत पैन् पैचा हिशेब लिहिला जाई, त्याच पुण्याजवळची ही कला जगास लंडनच्या मासिकांतून कळावी, हें आम्हांस सलतें.

कातडें हलविण्यापासून तें वाढविण्यापर्यंत येण्यास पुढें दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. १९७५ सालीं अमेरिकेंत राइनवाल्ड व ग्रीन यांनीं मानवी त्वचेच्या पेशी काचपात्रांत वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९८४ पर्यंत, जवळजवळ सर्वांग भाजलेल्या दोन बालकांवर त्यांच्याच त्वचेपासून वाढविलेले पापुद्रे बसविण्यांत आले.

आमच्या देशांतही हें कार्य झालें आहे. आमचें जवळा बाजार १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्याच्या राजधानींत, हैदराबादेस, एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंत २००१ पासून रोग्याच्या पेशी प्रयोगशाळेंत वाढवून डोळ्यावर बसवूं लागले. पानाबरोबर खावयाचा चुना उडून मुलांचे डोळे जातात, हें खेडोपाडीं सर्वांस ठाऊक आहे. अशा डोळ्यासाठीं चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा एक अगदीं लहान तुकडा घेतात. वीरेंद्र सांगवान व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं याहून सोपी रीत प्रसिद्ध केली: तो तुकडा बारीक करून गर्भावरणाच्या पडद्यावर पसरावयाचा, आणि पेशी प्रत्यक्ष डोळ्यावरच वाढूं द्यावयाच्या. महागड्या प्रयोगशाळेची गरजच उरली नाहीं.

ही रीत नांवानिशीं, फलानिशीं लिहिली गेली, म्हणून इतर देशांतील वैद्यांनींही ती उचलली. कुंभाराची बुद्धि यांहून उणी नव्हती. उणें होतें तें त्यास विचारून लिहून घेणारें माणूस. पूर्वजांचा अभिमान जरूर धरावा. परंतु आज आपल्या गांवीं जो कारागीर कांहीं नवें करीत असेल, त्याचें नांव प्रथम विचारून घ्यावें.