एकोणीस एकांची संख्या आणि देवळालीचे मास्तर

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला निघालं की वाटेत देवळाली लागते, पुढे डोंबिवली. आज आम्ही याच वाटेने गणिताच्या इतिहासात जाणार आहोत.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर राहिले. पुढची पदवी नाही. नाद मात्र अंकांचा. डोंबिवली स्टेशनला पूर्वी 'डेम्लो' म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' हेच नाव दिलं.

आता बघा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असं करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहावा एक जोडला की हातचा आडवा येतो आणि ही चढ-उतार मोडते. म्हणजे नऊ वेळा जुळलं, म्हणून दहाव्यांदा जुळेलच असं नाही. नैयायिक ज्याला व्याप्ती म्हणतात, ती नुसत्या सहचाराने हाती लागत नाही, ती अशी.

याच एकांच्या ओळीत मूळ संख्या शोधू. ११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात, अकरा, तेरा, सतरा एकांच्या ओळीही फुटतात. एकोणीस एकांची मात्र फुटत नाही! १९१८ च्या सुमारास ऑस्कर हॉप यांची सिद्धता मान्य झाली, तेव्हा संगणक नव्हता. हिचं वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. पण हिला भागू शकणाऱ्या मूळ संख्येला ३८ ने भागलं तर बाकी १ च उरायला हवी. म्हणून तपासायचे उमेदवार उरतात पावणेतीन कोटींच्या आसपास. तरी तेही हाताने कोण तपासणार? नुसत्या चिकाटीचं हे काम नव्हे, इथे युक्तिवादच लागतो.

आणखी एक गंमत. १ ला या संख्येने भागा. दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं, मग ९, पुन्हा अठरा शून्यं, पुन्हा ९. असं १९ अंकी आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. का? तशी जी असेल ती एकोणीस नवांना भागेल, आणि एकोणीस नव म्हणजे ९ गुणिले हीच संख्या.

कापरेकरांचं काम पुष्कळांनी पोरखेळ मानलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आम्हीही वर्षानुवर्षं वर्गात ज्ञानमीमांसा शिकवताना उदाहरणं युरोपातली दिली. देवळालीवरून गाडीने कितीदा गेलो, खाली उतरलो नाही. सिद्ध करणारा मोठा खराच. पण सिद्ध करण्याजोगं काही आहे, हे आधी कुणाला तरी दिसावं लागतं. ते दिसायला पदवी लागत नाही, एवढंच आज सांगायचं होतं.